बोर्डिंगातला आकडा

बोर्डिंगांच्या सुवर्णमहोत्सवी, अमृतमहोत्सवी, शताब्दी स्मरणिका मी हौसेने जमवतो. त्यांत संस्थापकांचं छायाचित्र असतं, पहिल्या वर्षीच्या मुलांची नावं असतात. कुणी पोतंभर जोंधळे दिले, कुणी जागा बक्षीसपत्राने लिहून दिली, कोण पुढे मामलेदार झाला आणि कोण कुलगुरू, हे सगळं असतं. ते असायलाच हवं. त्या माणसांच्या उपकारावर आमच्या पिढ्या उभ्या आहेत. पण सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या बोर्डिंगांत १९६५ ते १९८५ च्या दरम्यान राहिलेल्या कुणालाही विचारा, की रेक्टर फेरी मारून गेल्यावर अंधारात कशावर बोलणं चालायचं? कुस्ती, सिनेमा आणि आकडा, असं उत्तर मिळेल. यातल्या आकड्याबद्दल, म्हणजे मटक्याच्या जुगाराबद्दल, मी चाळलेल्या एकाही स्मरणिकेत अक्षर नाही. त्या काळात आठवी ते अकरावी मी एका तालुक्याच्या गावच्या बोर्डिंगात काढली आणि पुढे जन्मभर गणित शिकवलं. मटक्याने या भागातल्या हुशार पोरांचं काय केलं, ते लिहून ठेवणं मला माझं काम वाटतं.

आधी बोर्डिंगांविषयी. कोल्हापूरचं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १८ एप्रिल १९०१ ला सुरू झालं. त्यानंतरच्या काही वर्षांत शाहू महाराजांनी जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहतील अशी सोय केली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकले. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग उभारलं. त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ हे नामकरण १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या हस्ते झालं. मुलांच्या पोटाला घालायला काही उरलं नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ‘कमवा आणि शिका’ या तीन शब्दांवर ही सगळी इमारत उभी होती. घामाशिवाय आलेला पैसा हा या इमारतीत पापासारखा होता.

आमचं बोर्डिंग इतकं नावाजलेलं नव्हतं. एक लांबट कौलारू दालन, भिंतीला लावून पत्र्याच्या पेट्या, पेटीच्या झाकणावरच लिहायचं, पहाटे पाचला घंटा, विहिरीवर आंघोळ, रविवारी संस्थेच्या शेतात भांगलण. फी माफ होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आलेल्या ई.बी.सी. सवलतीने आमच्यासारख्या हजारो मुलांना शाळेचं दार उघडलं होतं. खानावळीचे पैसे मात्र द्यावे लागत, आणि ते गावाकडून किंवा मुंबईहून मनीऑर्डरने येत. १९७२ चा दुष्काळ पडला आणि मनीऑर्डरी थांबल्या. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते. दिवसभराच्या कामाला दोन-तीन रुपये. खानावळीत ज्वारीच्या जागी अमेरिकेहून आलेला लाल मिलो आला. त्याची भाकरी चिरायची, आणि गिळताना घशात टोचायची. पोस्टमन दारात दिसला की साठ-सत्तर माना एकदम वर व्हायच्या आणि दोन नावं पुकारली गेली की बाकीच्या खाली जायच्या.

या काळात गावच्या पानटपरीवर मटक्याचा दर ऐकू यायचा: ओपनला रुपयाला नऊ, जोडीला रुपयाला नव्वद.

खेळाचं मूळ मात्र पानटपरीपासून फार दूर होतं. मुंबईला भावावर पैज लावण्याची सवय जुनी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ नंतर तिथला कापूस अडला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबई शेअरांच्या मागे धावली. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि त्या वर्षीच्या १ जुलैला सगळा डोलारा कोसळला. पेढ्या बुडाल्या, पण पैजेची चटक गेली नाही. मुंबादेवीच्या आसपास पावसावरही पैजा लागत. पाऊस किती पडेल, पन्हाळ वाहील की नाही, यावर. सरकारने १८८७ साली जुगार प्रतिबंधक कायदा केला. त्याखाली पावसाचा खटला मुंबई हायकोर्टात गेला, तेव्हा १८८९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ही पैज या कायद्यात बसत नाही. पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त करून पाऊसही आत घेतला. हाच १८८७ चा कायदा पुढे मटक्यालाही लावला गेला, आजही लावला जातो.

विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने, नंतर टेलिप्रिंटरने मुंबईत येऊ लागले. कापसाचे व्यापारी ते भाव आपल्या सौद्यांसाठी बघायचे. धनजी स्ट्रीटवर उभे राहणारे लोक त्याच भावांतल्या आकड्यांवर पैसे लावायचे. आमच्या खेळातले ओपन आणि क्लोज ते तिथले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून येणारे हे भाव बंद झाले आणि खेळणाऱ्यांच्या हातून आकडाच गेला. कापसाशी यांचा तसाही काही संबंध उरला नव्हता. त्यांना रोज दोन आकडे हवे होते, ते कुठूनही आले तरी चालणार होते.

ते आकडे पुरवले दोन माणसांनी. कल्याणजी भगत हे कच्छमधल्या रताडिया गावचे शेतकरी. १९४१ मध्ये मुंबईत आले, मसाले विकत फिरले, वरळीत किराणा दुकान सांभाळलं आणि १९६२ मध्ये त्यांनी वरळी मटका सुरू केला. रतन खत्री फाळणीत कराचीहून आलेले सिंधी. त्यांनी १९६४ पासून आपला वेगळा मटका चालवला. सुरुवातीला आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून एक काढत, म्हणून हे नाव. नंतर पत्त्यांनी मडक्याची जागा घेतली. राजा, राणी, गुलाम बाजूला काढायचे. उरतात चाळीस पानं. एक्का म्हणजे एक, दश्शी म्हणजे शून्य. तीन पानं काढायची, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेतला एकक तो त्या वेळचा आकडा. तिर्री, पंजी आणि छक्की निघाली तर बेरीज चौदा, ओपन चौका. तीन पानं मिळून झाला पाना: तीन-पाच-सहा. काही तासांनी पुन्हा तीन पानं, तो क्लोज. ओपन आणि क्लोज शेजारी ठेवले की जोडी. कल्याणजींच्या ‘कल्याण’ मटक्याचा ओपन दुपारी, क्लोज संध्याकाळी. खत्रींच्या ‘मेन’चा ओपन रात्री नऊला, क्लोज बाराला.

आता हा वरळीतला खेळ आमच्या तालुक्याला कसा पोचला, हे सांगायला हवं, कारण इथेच आमचं नातं लागतं. वरळी, परळ, लालबाग, लोअर परेल ही गिरण्यांची वस्ती. तिथला कामगार निम्माअधिक कोकणातला आणि आमच्या घाटावरचा. एकेका गावाची पोरं एकेका खोलीत राहायची, पाळीपाळीने झोपायची आणि जेवायला एखाद्या बाईच्या खानावळीत जायची. पगारानंतर मनीऑर्डर गावाला, आणि त्यातले चार-आठ आणे आकड्यावर. मटक्याला चार आणेही चालायचे. रेसला जायला कपडे लागत, तिकीट लागे. शेअर घ्यायला दलाल लागे. इथे नाक्यावरच्या माणसाने पेन्सिलीने कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दिला की झालं. हेच कामगार गणपतीला, जत्रेला, पेरणीला गावी येत आणि येताना हा खेळ घेऊन येत. रोजच्या आकड्यासाठी ट्रंक कॉल होता. साध्या कॉलला तासन्‌तास लागायचे म्हणून मटकेवाले अनेक पट पैसे भरून लाइटनिंग कॉल लावत. मामलेदाराला मुंबईहून उत्तर यायला दोन दिवस लागत त्या काळात रात्री नऊचा ओपन साडेनऊला आमच्या बाजारपेठेत असायचा. क्लोज कळायचा पहाटे, बोर्डिंगला दूध घालायला येणाऱ्याकडून. तो तोंडाने बोलायचा नाही. किटली खाली ठेवताना डाव्या हाताची बोटं उघडायचा.

मुलं आकड्याकडे आळसापोटी गेली, असं नंतर भाषणांत सांगितलं जायचं. हे खरं नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहितो आहे. तो आळस नव्हता. तो अभ्यास होता, आणि बोर्डिंगातल्या कुठल्याही विषयाला मिळाला नसेल इतका मन लावून केलेला. बाजारात चार्ट मिळायचे. आठवड्याची एक ओळ, वाराचा एक रकाना, रकान्यात ओपनचा पाना, जोडी, क्लोजचा पाना. एकसारख्या आकड्यांच्या जोड्या तांबड्या शाईत. आमच्याकडे विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून मुलं ते चार्ट आलेखाच्या वहीत उतरून घ्यायची, रेघा पट्टीने मारलेल्या, अंक छापल्यासारखे. मग त्यांत ‘लाइन’ शोधायची. प्रत्येक आकड्याचा एक ‘कट’ असतो, पाच मिळवून येणारा: एकाचा सहा, दुव्याचा सात, तिर्रीचा आठ, चौक्याचा नऊ, पंजीचा शून्य. एका जोडीतले दोन्ही आकडे आणि त्यांचे कट घेऊन जोड्या उलटसुलट मांडल्या की झाली ‘फॅमिली’. गेल्या मंगळवारी आलेल्या जोडीची फॅमिली या गुरुवारी येते का, महिन्यापूर्वीच्या त्याच ओळीत तिरपं बघितलं तर काय दिसतं, कुठला आकडा किती दिवस आलेला नाही, यावर रात्र-रात्र चर्चा. काही जण शेजारच्या गावच्या एका महाराजांकडे जायचे. ते काही न बोलता मुलाच्या पाठीत धपाटे मारायचे, आणि मुलं धपाटे मोजायची.

शाळेत ज्यांना त्रिकोणमितीची कोष्टकं पाठ होत नव्हती, त्यांना दोन वर्षांच्या जोड्या तारखेनिशी पाठ होत्या. ही बुद्धी कुठून आली? तीच पोरं, तीच डोकी. मला वाटतं, चार्ट ही आमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली पहिली अशी गोष्ट होती की जी वाचून काही तरी हाती लागेल असं वाटायचं. इतिहासाच्या पुस्तकातला एकही धडा खानावळीचे पैसे भरण्याचं आश्वासन देत नव्हता.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव लिहीत नाही. त्याची नातवंडं शिकताहेत. काळ-काम-वेगाची गणितं तो फळ्याकडे न बघता सोडवायचा. बाप साताऱ्याकडच्या एका तलावाच्या कामावर, थोरला भाऊ परळच्या गिरणीत बदली कामगार, म्हणजे काम मिळालं तर मिळालं. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्याची खानावळ थकली. त्याने दोन रुपये एका जोडीवर लावले आणि ती लागली. एकशे ऐंशी रुपये. त्याने स्वतःचे थकलेले पैसे भरले, आणखी दोन मुलांचे भरले, घरी मनीऑर्डर केली आणि पत्रात लिहिलं की शाळेने हुशारीबद्दल बक्षीस दिलं. ती मनीऑर्डर लिहिताना मी शेजारी बसलो होतो. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो लुटीचा नव्हता. घराला हातभार लावणाऱ्या कर्त्या मुलाचा होता.

त्या दिवसापासून मात्र तो बोर्डिंगाचा राहिला नाही. मुलं त्याच्याकडे आकडा विचारायला येऊ लागली. “दादा, आज काय लावायचं?” त्याच्याहून मोठी पोरं त्याला दादा म्हणत. त्याच्या चार्टच्या वहीभोवती खोलीतली अर्धी मुलं जमायची. कुणी तेलाच्या बाटलीचे पैसे लावले, कुणी कंपासपेटी विकली, एकाने घरून आलेलं तूप विकलं. दोनदा तीनदा कुणाकुणाचा ओपन लागला, आणि लागलेलं सगळ्यांना आठवायचं. गेलेलं ज्याचं त्याच्यापाशी राहायचं. बाजारपेठेतल्या मटका घेणाऱ्याचंही या मुलाकडे लक्ष गेलं. त्याला चिठ्ठ्या लिहायला आणि रात्री पानभर बेरजा झटपट जुळवायला माणूस हवा होता. गावात सुवाच्य अक्षर आणि बिनचूक बेरीज कुठे मिळणार? बोर्डिंगात. जे दोन गुण आमच्या मास्तरांनी मारून-मुटकून घोटून घेतले होते, त्यांनाच तिथे शेकड्याला कमिशन मिळत होतं. मुलगा संध्याकाळी जाऊ लागला. मग एक दिवस धाड पडली, तो चिठ्ठ्यांसह सापडला, पोलिसांनी दम देऊन सोडला आणि संस्थेने काढून टाकला. अकरावीच्या परीक्षेला चार महिने होते. आमची ती जुनी अकरावीची एसएससी; लगेच १९७५ पासून दहावीचा बोर्ड आला, आणि मागे राहिलेल्यांचं आणखीच अवघड झालं. तो पुन्हा बसला नाही.

त्याला काढलं त्या सकाळी प्रार्थनेनंतर आम्हा सगळ्यांना उभं करून झोडपलं आणि श्रमप्रतिष्ठेवर भाषण झालं. भाषणातला शब्द न्‌ शब्द खरा होता. पण ते ऐकणारी मुलं आदल्या रविवारी शेतात राबून आली होती आणि त्यांचे आईबाप त्या क्षणी खडी फोडत होते. श्रमाने काय मिळतं हे त्यांना नव्याने सांगायची गरज नव्हती. सांगायला हवं होतं ते दुसरंच, आणि ते कुणी सांगितलं नाही. चार्टमध्ये काहीही नाही, हे त्यांना आकड्यांनीच दाखवायला हवं होतं. त्यांची भाषा आकड्यांची झाली होती, आणि शाळा त्यांच्याशी संस्कारांच्या भाषेत बोलत होती.

मी पुढे शिक्षक झालो तेव्हा ठरवलं की हे काम आपण करायचं. संभाव्यतेचा धडा आला की मी वर्गात पत्त्यांचा कॅट घेऊन जायचो. बारा चित्रं बाजूला काढायची. चाळीस पानांतून तीन पानं किती प्रकारे निघतील? नऊ हजार आठशे ऐंशी. यातल्या किती प्रकारांत बेरजेचा एकक शून्य येतो? मुलं मोजायची, एक दिवस लागायचा, आणि उत्तर यायचं नऊशे अठ्ठ्याऐंशी. एक येण्याचे? तेवढेच. दोन? तेवढेच. नवापर्यंत प्रत्येक आकड्याला बरोबर एकदशांश. कुठल्याही आकड्याला पानांकडून काडीचीही जास्त संधी नाही, म्हणून कुठलीही लाइन शोधायला जागाच नाही. ओपनची शक्यता दहात एक आणि देणं नऊ. जोडीची शंभरात एक आणि देणं नव्वद. रुपयातले दहा पैसे लावण्याआधीच गेलेले असतात.

पान्यांचा हिशोब तर याहून बोलका. तिन्ही वेगळे आकडे असलेला एखादा पाना साधारण एकशे चोपन्न वेळांत एकदा येतो, आणि त्याला मिळायचे एकशे चाळीस-दीडशे. दोन सारखे असलेला साधारण चारशे बारा वेळांत एकदा, मिळायचे दोनशे ऐंशी ते तीनशे. तिन्ही सारखे, म्हणजे तीन सत्ते किंवा तीन नव्वे, दोन हजार चारशे सत्तर वेळांत एकदा, आणि मिळायचे सहाशे-सातशे. सगळ्यात गरीब मुलाला सगळ्यात मोठा आकडा ओढायचा, आणि तिथे त्याच्या रुपयातले सत्तर पैसे कापले जायचे.

आणि ते न आलेल्या आकड्याचं वेड. “वीस दिवस झाले, सत्ता आलेला नाही, आता यायचाच.” पानांना मागचं काही आठवत नाही. एखादा ठरावीक आकडा वीस वेळा ओळीने न येण्याची शक्यता शंभरात बारा आहे, आणि आकडे दहा आहेत. म्हणजे वीस दिवस न आलेला एखादा आकडा चार्टात बहुतेक वेळा सापडणारच. आज सत्ता, पुढच्या महिन्यात तिर्री. मुलांना त्यात इशारा दिसायचा. आणखी एक हिशोब मी मुद्दाम करून घ्यायचो: शंभर मुलांनी शंभर दिवस रोज एकच जोडी लावली, तर त्यांतल्या सदतीसेक मुलांना ती एकदाही लागणार नाही. वर्गात शांतता व्हायची. त्या सदतीस मुलांना कुणी दादा म्हणत नाही, म्हणून त्यांचं अस्तित्व कुणाला ठाऊकच नसतं.

यात लबाडी धरलेली नाही. खत्रींच्या सोडतीवर लोकांचा विश्वास होता. पानं चारचौघांत निघतात, असं सगळीकडे सांगितलं जायचं. मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पानं सरळ निघाली तरी पैसा एकाच दिशेने वाहत होता.

सरकारचंही थोडं बोलायला हवं. केरळने १९६७ मध्ये सरकारी लॉटरी काढली आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये. आमच्या बाजारपेठेत एका बाजूला लॉटरीचा स्टॉल आणि चार दुकानं सोडून चिठ्ठी फाडणारा. एकाला परवाना, दुसऱ्यावर धाड. लॉटरीचा पैसा सरकारी तिजोरीत, लोकांच्या कामाला जातो, हा फरक मी मानतो. पण बोर्डिंगातल्या मुलाला तो फरक दिसत नव्हता. त्याला दोन्हीकडे मोठ्या अक्षरातलं बक्षीस दिसत होतं. नव्वदच्या दशकात अनेक राज्यांच्या एकअंकी लॉटऱ्या निघाल्या, त्या तर मटक्याच्याच सख्ख्या बहिणी. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने त्या बंद केल्या, आणि ते चांगलं झालं.

मटक्याचा बहर ओसरला तो उपदेशाने नव्हे. आणीबाणीत खत्री तुरुंगात गेले, तरी त्याच सुमारास, १९७५ मध्ये, ‘धर्मात्मा’ सिनेमा लागला आणि त्यातली प्रेमनाथची भूमिका त्यांच्यावर बेतली आहे, असं म्हणत लोकांनी तो पाहिला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले, बहुतेकांना पुन्हा गिरणी दिसली नाही. मुंबईहून गावी येणारी मनीऑर्डर आटली आणि तिच्याबरोबर आठ आणे लावणारा माणूसही आटला. नव्वदच्या दशकात पोलिसांनी मुंबईत जोर केला, धंदा विखुरला. कल्याणजींच्या मुलाचा, सुरेश भगत यांचा, २००८ मध्ये अलिबागजवळ गाडीवर ट्रक घालून खून झाला. त्यात त्यांच्या पत्नीला शिक्षा झाली. रतन खत्री २०२० च्या मे महिन्यात वारले. बोर्डिंगांतल्या मुलांनी त्याआधीच दुसरे खेळ शोधले होते.

आता मी निवृत्त आहे. बोलावणं आलं की वसतिगृहांत आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत पत्त्यांचा कॅट घेऊन जातो. मुलं तीच आहेत: घरची शेती एकर-दीड एकर, पदवी हातात, वय वाढतंय, घरी पैसे मागायची लाज वाटते. त्यांच्या हातात फोन आहे. गेल्या काही वर्षांत अशा किती तरी मुलांनी मला फोनवरचे पैशांचे खेळ दाखवले, आणि त्यांत जिंकण्याच्या ‘ट्रिक’ लिहून ठेवलेल्या वह्याही. रेघा आजही पट्टीने मारलेल्या असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो मला मनापासून हवा होता. पण १८८७ च्या कायद्याने आमच्या बाजारपेठेत काय झालं ते मी पाहिलं आहे, म्हणून मी कॅट खिशातून काढून ठेवलेला नाही.

मागे एका अभ्यासिकेत चाळीस पानांचा हिशोब मांडून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “सर, यात पानं किती ते तरी माहीत आहे. माझ्या फोनमधल्या खेळात किती पानं असतात?”

मी त्याला सांगितलं की ते मला मोजता येत नाही. कॅट माझ्या हातात आहे म्हणून मी नऊ हजार आठशे ऐंशी म्हणू शकतो. त्या खेळाचा कॅट ज्याच्या हातात आहे तो तुझ्यासमोर बसलेला नाही, आणि त्याने पानं किती ठेवली, कधी बदलली, हे तुला कधीही बघायला मिळणार नाही. मुलाने वही उघडली, आधी लिहिलेल्या तीन पानांवर काट मारली आणि चाळीस पानांचं गणित पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. त्या संध्याकाळी आम्ही पान्यांच्या हिशोबापर्यंत पोचलो. जोडीचं पुढच्या रविवारी घ्यायचं ठरलं.